मी थांबले, प्रार्थना थांबली नाही

"ताई, उपासनेत हल्ली मला काहीच वाटत नाही. मग नुसतं जाऊन बसायचं, हे ढोंग नाही का?"

इंदूरमध्ये माझ्यासमोर बसून कितीतरी ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी हे विचारलंय. आणि बहुतेकदा संकट दाराशी उभं असतानाच. माणूस खचला की आधी सुटतं ते रविवारचं जाणं.

सुदामा नगरच्या एक शिक्षिका अशाच आल्या. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, आणि दोन महिने चर्चची पायरी चढलेल्या नाहीत. "तिथे रडू येतं, लोक बघतात. घरी एकटी प्रार्थनेला बसते, तर शब्द फुटत नाही. माझा विश्वासच खोटा असेल."

विश्वासाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. "कुठे बसायचात?" एवढंच विचारलं.

"डावीकडे, तिसरा बाक. पंख्याखाली."

"शेजारी?"

त्या एकेक नाव सांगू लागल्या. कोणाचे गुडघे दुखतात, कोण बेसूर पण मोठ्याने गातं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैलावला. मी म्हटलं, "या रविवारी त्याच बाकावर बसा. गाऊ नका, काही म्हणू नका. सगळे उठले की उठा, बस."

पुढच्या भेटीत त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, पण प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, त्या मनातल्या मनात मराठीतच म्हणतात, महाराष्ट्रातल्या नगरच्या आजीने शिकवलेली. त्या दिवशी न राहवून सुरुवात केली. "'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथे गळा दाटला. गप्प झाले. पण ताई, मी थांबले तरी प्रार्थना थांबली नाही! बाकीचे म्हणतच होते. 'वाइटापासून सोडव'ला मी परत त्यांच्यात शिरले."

मी पेन खाली ठेवलं. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या त्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आमचा पिता, आमची भाकर, आमची पापं. ती एकट्याने म्हणायला बसलात तरी 'आम्ही' सुटत नाही. एकाचा आवाज बसला तर बाकीच्यांनी पुढे न्यावी, अशीच ती रचलेली आहे.

आधी भावना, मग कृती, असं आपण धरून चालतो. माझा इतक्या वर्षांचा अनुभव उलट आहे. आधी पाय चालतात, मन मागून येतं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, येशू शब्बाथ दिवशी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात, त्यांच्या प्रार्थनागृहात, जातो तो 'आपल्या परिपाठाप्रमाणे'. परिपाठ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही हाक त्याच्या तोंडून निघते, ती बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. घोर वेदनेत त्याला नवे शब्द शोधावे लागले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी मिळून म्हटलेले शब्द ओठांवर होते. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री, पाय खोड्यात अडकलेले असताना, येशूचे अनुयायी पौल आणि सीला गात होते. अंधारात कुठली पोथी? आणि तिथेही ते दोघे होते.

म्हणून कोरडे रविवार फुकट गेले असं मी कोणालाच म्हणू देत नाही. रोजची औषधं किंवा डॉक्टर सोडून उपासनेवर भागवा, असं मात्र मी कधीच सांगणार नाही. कोणाला मंडळीतल्या, म्हणजे आपल्याच चर्चच्या, माणसांनीच दुखावलेलं असतं. त्यांना मी शेवटच्या बाकावर बसायला सांगते, किंवा दुसरी मंडळी शोधायला. पण एकटं राहू नका.

ऑपरेशनच्या सकाळी संमतिपत्रावर सही करताना बाईंचा हात कापत होता. भीती होतीच. तिसऱ्या बाकावरच्या दोघीजणी डबा घेऊन शेजारी बसल्या होत्या. एकीने हळू आवाजात हिंदीत सुरुवात केली, आणि या मराठीत म्हणू लागल्या.