नव्या शाळेत तिला ओळखणारं कुणीच नाही

प्रश्न: ताई, माझी मुलगी दोन महिन्यांपूर्वी प्राथमिक संपवून माध्यमिक शाळेत गेली. आधी एकच बाई सगळे विषय शिकवायच्या, ही त्यांची लाडकी, मार्क्सही कायम वरचे. आता सात-आठ शिक्षक आहेत आणि रोज काहीतरी विसरते, कधी वही कधी कंपासपेटी, कधी होमवर्क काय दिलाय हेच आठवत नाही, आणि पहिल्या चाचणीत गणितात जेमतेम निम्मे मार्क्स. सकाळी पोट दुखतं म्हणते. हे म्हणतात लाडावलीये, क्लास लावू. मला कळतच नाहीये की हा आळस आहे का हिला खरंच झेपत नाहीये?

उत्तर: आळस नाहीये. आणि क्लासही एवढ्यात लावू नका, कारण दिवसातला अजून एक तास आणि अजून एक अनोळखी शिक्षक असं होईल ते, आणि तिचा त्रास मुळात गणिताचा आहे असं मला वाटत नाही.

जरा हिशोब करून बघा. तिच्या जुन्या बाईंसमोर चाळीस मुलं असतील तर वर्षभर तीच चाळीस, ही गप्प बसली की तिचं काहीतरी बिनसलंय हे बाईंना न सांगता कळायचं. आता गणिताचे सर जर तसल्या पाच वर्गांना शिकवत असतील तर त्यांच्यासमोर दोनशे मुलं येतात, तीही तासाच्या घंटेपुरती. सर वाईट नाहीयेत पण त्यांना अजून हिचं नावसुद्धा नीट आठवत नसेल. काल-परवापर्यंत जी सगळ्यांना माहीत होती ती एकदम कुणालाच माहीत नाही. मोठ्यांनासुद्धा नोकरी बदलली की पहिले दोन-तीन महिने हे जाणवतं, आणि आपण लेकरांकडून अपेक्षा करतो की आठवड्यात रुळावं.

त्यात वय बघा. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ या वर्षांत सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४, म्हणजे शाळा बदलते आणि शरीरही बदलत असतं, दोन्ही एकदम. जॅकलिन एकल्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की ज्या वयात मुलाला थोडं स्वतःचं स्वतः ठरवायचं असतं आणि घराबाहेरचं एखादं मोठं माणूस जवळचं हवं असतं नेमक्या त्याच वयात शाळा जास्त कडक आणि जास्त परकी होते. मला हे फार पटतं, कारण मी शिकवत असताना वर्षानुवर्षं हेच बघितलंय.

आता विसरण्याचं. प्राथमिकला 'वही काढा' म्हणणारं कुणीतरी असतं. माध्यमिकला प्रत्येक विषयाचं दप्तर, तारखा, प्रोजेक्ट हे सगळं मुलानं डोक्यात ठेवायचं असतं आणि हे कसं करायचं ते कुणी शिकवतच नाही, येतच असेल असं धरून चालतात. तर ते तुम्ही शिकवा. टाइमटेबल भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, प्रत्येक विषयाला एक रंग ठरवा आणि वहीच्या कव्हरवर तोच रंग, होमवर्कला एकच छोटी डायरी जी कायम दप्तराच्या एकाच कप्प्यात. दप्तर रात्रीच भरायचं, आणि भरायचं तिनं! तुम्ही शेजारी बसून फक्त विचारा, उद्या पहिला तास कुठला, त्याला काय लागतं? दोन-तीन आठवडे असं बसा, मग हळूहळू उठा तिथून. वही घरी राहिली तर धावत शाळेत नेऊन देऊ नका, आणि संध्याकाळी त्यावरून बोलूही नका, एकदा बाकावर बसून वाटलेली फजिती पुरेशी असते.

मार्क्सबद्दल एवढंच सांगते की पहिल्या परीक्षेवरून मुलगी कशी आहे ते ठरवू नका. १९९९ साली मॉरिस गॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा इंग्लंडमधला एक अहवाल आला होता, त्यात शाळा बदलल्यानंतरच्या वर्षात पाचातली साधारण दोन मुलं अपेक्षेइतकी पुढे सरकत नाहीत असं दिसलं. म्हणजे तुमची एकटी नाहीये. ती चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि बघा, गणित आलं नाही, वेळ पुरला नाही का प्रश्नच नवीन पद्धतीचा होता, तिन्हीला उपाय वेगळे आहेत.

पोटदुखी मात्र मनावर घ्या. नाटक म्हणू नका, काळजीनं पोट खरंच दुखतं. डॉक्टरांना एकदा दाखवाच. सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल तर शाळेत नेमकं काय होतंय ते शोधा, पण 'कसा गेला दिवस' असं विचारलं की 'बरा' एवढंच येतं, त्यापेक्षा मधल्या सुट्टीत कुठे बसलीस, कोणाशेजारी, असं विचारा. झोपही बघा, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागते. आणि वर्गशिक्षकांना भेटा, तक्रार घेऊन नको, फक्त सांगा की ही अशी आहे, पटकन हात वर करत नाही पण विचारलं की छान सांगते. शाळेतलं एक माणूस तिला ओळखायला लागलं की बाकीचं बरंच सुटेल. अजून महिन्याभरात काहीच फरक दिसला नाही, जेवण-झोप बिघडली, किंवा कुणी त्रास देतंय असं कळलं, तर थांबू नका, लगेच समुपदेशकांकडे जा.

प्रश्न: मी प्राथमिकच्या शेवटच्या वर्गाला शिकवते. मुलं दंगा करायला लागली की 'मोठ्या शाळेत गेल्यावर कळेल' असं माझ्या तोंडून जातंच. शेवटचे तीन महिने उरलेत, मुलांची तयारी कशी करून घेऊ?

उत्तर: बाई, ते वाक्य आजपासून सोडाच. मुलं ते ऐकतात आणि साठवून ठेवतात.

एक खोकं ठेवा वर्गात, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, मोठ्या शाळेबद्दल कसली भीती वाटते. अभ्यास फार कमी चिठ्ठ्यांत असतो बघा. शौचालय कुठंय, मोठी मुलं मारतात का, वर्ग सापडला नाही तर काय, मैत्रीण वेगळ्या तुकडीत गेली तर, हेच असतं. ही उत्तरं तुम्ही देण्यापेक्षा गेल्या वर्षी गेलेल्या चार मुलांना बोलवा, त्यांच्या तोंडून ऐकलेलं मुलांना खरं वाटतं. जमलं तर नवी शाळा आतून दाखवून आणा. ज्या मुलाला ऐकण्याची, वाचण्याची किंवा गर्दीची अडचण आहे त्याला एकदा नाही, दोन-तीनदा न्या, शाळा रिकामी असताना, आणि खोल्यांचे फोटो काढून त्याच्याकडे द्या.

आणि पुढच्या शिक्षकांसाठी प्रत्येक मुलाच्या चार ओळी लिहा. मार्क्स तर जातातच, पण 'फळ्यावरून उतरवायला वेळ लागतो, तोंडी विचारा', 'रागावलं की गप्प होतो, दहा मिनिटं द्या' हे कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसतं. 'खोडकर' वगैरे मात्र लिहू नका, एखाद्या मुलाला कोरी पाटी मिळायची ही एकच संधी असते. शक्य असेल तर माध्यमिकच्या शिक्षकांशी बोलून घ्या की भागाकार, अपूर्णांक तुम्ही कुठल्या पद्धतीनं शिकवलेत. नाहीतर तिथे पद्धत बदलते आणि येत असलेलं मूल आपल्याला येत नाही असं धरून बसतं.

प्रश्न: माझा बेस्ट फ्रेंड दुसऱ्या तुकडीत गेला. मधल्या सुट्टीत मी एकटाच असतो. आईला सांगितलं तर ती टीचरना फोन करेल म्हणून सांगत नाही.

उत्तर: तू लिहिलंस हे फार बरं केलंस. आधी आईचं. तिला सरळ म्हण, 'आई, मला काहीतरी सांगायचंय पण फोन करू नकोस, फक्त ऐक.' पण कुणी मारत असेल, धमकावत असेल किंवा वस्तू हिसकावत असेल तर फोन होऊ दे, त्यात चुगली काही नाही.

आता मधली सुट्टी. सगळ्या घोळक्यात शिरायला जाऊ नकोस, अवघड असतं ते. वर्गात अजून एखादं एकटं बसलेलं मूल असेलच, नीट बघ. त्याच्याकडे जाऊन छोटंसं काहीतरी विचार, पुढचा तास कुठला, विज्ञानाचा होमवर्क कळला का. रोज एकदा. खेळ, चित्रकला, वाचनालय, जे तुला आवडतं तिथे नाव दे कारण तिथे हातात काम असतं आणि बोलणं आपोआप सुरू होतं. आणि जुन्या मित्राबरोबर आठवड्यातला एक दिवस पक्का ठरवून टाक, त्यालाही तिकडे एकटं वाटतच असणार, त्याला विचारून बघ. मग मला परत लिही, काय म्हणाला तो.