बाबांच्या न्यूमोनियासाठी फोनला जोडायचा सोनोग्राफी प्रोब आणावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडील ७४ वर्षांचे, साताऱ्यात. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला, आठ दिवस ॲडमिट होते, परवा घरी आले. तुम्ही न्यू जर्सीत. तिकडे फोनला जोडायचे प्रोब दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास मिळतात, तर दिवाळीला येताना एक घेऊन यावा, आईला नाहीतर शेजारच्या नर्सिंग शिकलेल्या मुलीला दाखवून ठेवावं आणि रोजचे फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर जावेत.

मी वीस वर्षं आयसीयूत आहे आणि त्यातली बारा-तेरा वर्षं फुफ्फुसाची सोनोग्राफी रोज करतोय. हे तंत्र माझ्या अतिशय आवडीचं आहे. तरीही सांगतो, आणू नका.

आधी कायदा. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन म्हणजे बीपीचं मशीन नव्हे, की दुकानात गेलो आणि घेऊन आलो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८मध्येच स्वतःचा कायदा केला, १९९४मध्ये केंद्राचा आला. त्यानुसार मशीन फक्त नोंदणी झालेल्या केंद्रालाच विकता येतं. २०१२मध्ये नियम बदलले आणि पोर्टेबल मशीनवर आणखी बंधनं आली: ज्या केंद्राच्या नावावर मशीन आहे त्याच आवारात, तिथे भरती असलेल्या पेशंटसाठी ते वापरायचं, किंवा मग इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. ‘आम्ही फक्त छातीला लावणार’ हे सांगून भागत नाही, कारण तोच प्रोब पोटावर ठेवला की गर्भ दिसतो. बॅगेत सापडला तर दिवाळी चौकशीतच जाईल. आणि हो, तिकडेही तो प्रिस्क्रिप्शनवरचाच प्रकार आहे, डॉक्टर नसलेल्याला सरळ मिळणारा नाही.

या नियमांचा मला स्वतःला वैताग येतो. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले एक आजोबा आहेत, त्यांच्या छातीत पाणी झालंय का हे पाहायला मला प्रोब खिशात घालून जाता येत नाही, त्यांनाच स्ट्रेचरवर आणावं लागतं. पण २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. हे आकडे आठवले की वैताग गिळतो.

आता समजा कायदा आडवा आला नसता, तरी अडचण होतीच. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. निरोगी फुफ्फुस हवेने भरलेलं, म्हणजे तिथे फुफ्फुस असं दिसतच नाही. फुफ्फुसाच्या आवरणाची एक चकाकती रेघ दिसते, श्वासाबरोबर ती मुंग्यांची रांग चालल्यासारखी सरकते. तिच्याखाली सारख्या अंतरावर तिचीच प्रतिबिंबं असतात, त्या ए-लाइन्स. आत ओल धरली की त्या रेघेपासून पार खालपर्यंत उभे झोत उतरतात, धुक्यात गाडीचे हेडलाइट दिसावेत तसे. त्या बी-लाइन्स. आणि हवेची जागा पूर्णपणे पू-पाण्याने घेतली की फुफ्फुस घट्ट होऊन चक्क लिव्हरसारखं दिसायला लागतं. त्यात श्वासासरशी पुढेमागे होणारे पांढरे ठिपके दिसले, की श्वासनलिकेत हवा खेळतेय आणि हा बहुधा न्यूमोनिया आहे असं आम्ही धरतो. लिक्टेनस्टाईन नावाच्या फ्रेंच आयसीयू डॉक्टरांनी हे सगळं शिस्तीत बसवलं, धाप कशामुळे लागली हे सोनोग्राफीने पायरीपायरीने शोधायची त्यांची २००८ची पद्धत, म्हणजे ब्लू प्रोटोकॉल, त्यावर आमची पिढी शिकली.

गोची अशी की बी-लाइन्स न्यूमोनियातही असतात, हार्ट फेल्युअरमध्येही आणि फायब्रोसिसमध्येही, म्हणजे फुफ्फुसात व्रण धरून ते कडक होतं तेव्हाही. न्यूमोनिया फुफ्फुसाच्या गाभ्यात असेल आणि कडेला टेकला नसेल, तर प्रोबला त्याचा पत्ताच लागत नाही. शिवाय चित्र पेशंटच्या मागून चालतं. ताप गेला, माणूस दोन भाकऱ्या खायला लागला, तरी घट्टपणा कित्येक आठवडे दिसत राहतो. रोज तेच चित्र पाहून आई हबकणार आणि तुम्ही रात्री दोनला फोन करणार.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर जागाच फसवी आहे. उजवीकडे खाली, श्वासपटलाच्या पलीकडे खरं लिव्हर बसलेलं असतं. दरवर्षी एखादा नवा रेसिडेंट धावत येतो, “सर, केवढं कन्सॉलिडेशन!” म्हणजे घट्ट झालेलं फुफ्फुस. जाऊन पाहतो तर पोराने प्रोब दोन बोटं खाली धरलेला असतो आणि लिव्हर छान, निरोगी असतं. एमबीबीएस झालेल्या मुलाची ही गत, तर आईंना दोष कसा देणार?

यावर कुणी तरी म्हणेलच की अंतराळ स्थानकात डॉक्टर नसलेले अंतराळवीर सोनोग्राफी करतात. करतात, खरं आहे. पण ह्यूस्टनमध्ये जाणकार माणूस तेच चित्र बघत ‘जरा डावीकडे, आता थोडा तिरका’ असं सांगत असतो. व्हॉट्सॲपवरचा थिजलेला फोटो म्हणजे ते नव्हे. फोटोत ती रेघ सरकतेय की नाही हेच कळत नाही.

घरी लागतं ते सेकंदकाट्याचं घड्याळ. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, आणि त्यांना न सांगता. मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. आईंनी नाडी धरल्यासारखं मनगट धरावं आणि नजर छातीवर ठेवावी. शांत बसलेले असताना १२ ते २० ठीक. २४च्या वर दिसले तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, तेवढेच असतील तर डॉक्टरांना फोन. ३०ला पोचले तर फोनाफोनी नको, सरळ हॉस्पिटल. ऑक्सिमीटर बोटाला लावल्यावर आकडा मिनिटभर स्थिरावू द्या, हात गार असेल तर आधी चोळून घ्या. ९४च्या खाली जायला लागला तर कळवा, ९०च्या खाली असेल तर १०८. वडिलांना आधीपासून दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा) त्रास असेल तर हे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं आणि त्या पानाचा फोटो काढून पाठवायचा. त्यावरून मी तरी फोटोतल्या बी-लाइन्सपेक्षा जास्त सांगू शकेन.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया उलटला तरी ताप येईलच असं नाही. माझ्या एका पेशंटच्या बायकोने एवढंच सांगितलं होतं, “कालपासून अर्धा चहा टाकतायत, आणि पेपर उलटा धरून बसले होते.” ताप नव्हता. श्वास मोजले, ३२.

सोनोग्राफी खरंच कामाची ठरते ती अशा वेळी: ताप जाऊन पुन्हा आला, किंवा श्वास घेताना त्याच बाजूला कळ येते. मग साताऱ्यातच हॉस्पिटलमध्ये छातीची सोनोग्राफी करून घ्या आणि दोन गोष्टी विचारा. फुफ्फुसाभोवती पाणी किती आहे, आणि त्यात जाळ्या, म्हणजे पाण्याचे कप्पे करणारे पातळ पडदे, धरल्यात का? जाळ्या एक्स-रेत दिसत नाहीत, सोनोग्राफीत स्वच्छ दिसतात. त्या दिसल्या तर आहे त्याच औषधांवर थांबून बघण्यात अर्थ नसतो, पाणी काढायला छातीत नळी टाकायची का हे लगेच ठरवावं लागतं.

सहा आठवड्यांनी एक एक्स-रे मात्र चुकवू नका, विडी-सिगारेट ओढत असतील तर अजिबातच चुकवू नका. डाग तसाच राहिला तर त्यामागे गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. फ्लू आणि न्यूमोकॉकलची लस राहिली असेल तर तेव्हाच विचारून घ्या.

तूर्तास डिस्चार्ज कार्ड काढून ‘प्लुरल इफ्यूजन’ (म्हणजे फुफ्फुसाभोवतीचं पाणी) असं कुठे लिहिलंय का बघा. असेल तर किती मिली आणि कोणत्या तारखेचं, ते इथे टाका.