आजोबा फुकट, आई अर्धी, नववीतला पूर्ण

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, मुलगी दहावी करून पॉलिटेक्निकला गेली. मुलाला चित्रकलेचा नाद, म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानात ड्रॉइंगचा टॅब बघायला गेलो. मुलीचं कार्ड बघून सवलत देतो म्हणाले, मुलाचं बघून ‘शाळेचं चालत नाही’. शाळेतली पोरं विद्यार्थी नाहीत का? आणि ताईच्या कार्डावर त्याच्यासाठी घेतलं तर काय बिघडतं?
– एक आई, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : विद्यार्थी नाहीत तर कोण आहेत, ताई? माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात बोनाफाईडवर शिक्के मारण्यात गेली. तो कागद पाचवीच्या पोराला असो की बारावीच्या, सांगतो एवढंच की हा इथं शिकतो. दुकानदाराला मात्र ‘कॉलेज’ लागतं. दहावीचा निकाल लागला की तेच पोरगं जूनमध्ये कॉलेजकुमार होतं, खिशात तेव्हाही आईनं दिलेलेच पैसे असतात.

बारा ते अठरा हे वयच सगळ्यांच्या हिशेबातून सुटलंय. रविवारी एसटीनं अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघा. पंचाहत्तरीच्या पुढचे आजोबा 2022 पासून फुकट. तुम्हाला आणि मुलीला 2023 पासून अर्धं तिकीट. बारा वर्षांपर्यंतच्या पोराला अर्धं. तुमच्या नववीतल्याला पूर्ण! म्हणजे बापाएवढं, आणि बाप निदान कमावतो तरी. शाळेच्या पासाबद्दल तक्रार नाही, तो एक तृतीयांश भाड्यात होतो आणि गावाकडून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत फुकट मिळतो. रेल्वे तर घर ते शाळा सेकंड क्लासचा मासिक पास मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत मोफत देते. विजापूरच्या गोल घुमटाला पंधराच्या आतल्यांना तिकीट नाही. द्यायचं ठरवलं की देता येतं, एवढंच म्हणायचंय मला.

मोबाईलवरच्या ॲपवाल्या कंपन्या सवलतीला अठराच्या आत नको म्हणतात, त्यामागं थोडं कारण आहे. 1872 च्या करार कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाशी केलेला करार टिकत नाही, आणि 2023 च्या डेटा कायद्यात अठराखालच्यांसाठी आईवडिलांची संमती सांगितलीय. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायची विद्यार्थी सवलत म्हणूनच अठरा पूर्ण झालेल्या कॉलेजवाल्यांना. पण चित्रांची सॉफ्टवेअर बनवणारी अडोबी तेरा वर्षांपुढच्या शाळकरी मुलांनाही विद्यार्थी धरते. तेव्हा कायद्याचं नाव सांगून सगळ्यांनीच हात वर करू नयेत. नव्या पेठेतल्या दुकानात तर पैसे तुम्हीच मोजणार, तिथं कुठला आलाय अज्ञान?

सिनेमा, पिझ्झा यांत मी पडणार नाही. तिथली सवलत गिऱ्हाईक लावण्यासाठी असते, त्यांनी कुणालाही द्यावी. शिकायला जाण्यायेण्याला आणि शिकायच्या वस्तूला मात्र शाळकरी मुलांना सवलत मिळालीच पाहिजे. उलट त्यांना आधी. कॉलेजचा पोरगा संध्याकाळी कुठं तरी पार्टटाइम करून चार पैसे आणतो, चौदाच्या पोराला तसं करू देऊही नये.

आता कार्डाचं. टॅब मुलीच्या नावानं घ्या खुशाल. पॉलिटेक्निकला तिलाही ड्रॉइंग आहेच, घरात एक वस्तू दोघं वापरतील, त्यात खोटं काही नाही. पण तिच्या नावानं सॉफ्टवेअरचं खातं काढून वापरणारा तो, असं नको. तिथं ओळख पुन्हा तपासतात आणि त्याची चित्रं तिच्या खात्यात अडकून बसतील. त्याचं खातं त्याच्याच नावानं काढा, पैसे तुमच्या खात्यातून भरा.

आणि दुकानात परत जाल तेव्हा काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालू नका, मालक बसलेला असेल तेव्हा जा. शाळेचं नुसतं कार्ड दाखवू नका, त्यावरचा फोटो सहावीतला असतो. बोनाफाईड न्या. अर्जावर वर्गशिक्षकांची सही घ्या, कारणाच्या रकान्यात ‘शैक्षणिक साहित्य खरेदी सवलत’ असं स्वच्छ लिहा, आणि ऑफिसात मधल्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा क्लार्क डबा खात असतो.