पहाटेचा खडखडाट

प्रश्न : डिचोलीहून म्हापशाच्या बाजारात पिकअपने भाजी नेतो. पहाटे स्टार्टर मारला की इंजिनाच्या पुढून दोन-तीन सेकंद खडखड येते, मग थांबते. टायमिंग चेन बदलावी का?

उत्तर : आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. टायमिंग चेन, म्हणजे क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) चाल व्हॉल्व्हशी जुळवणारी साखळी, ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा जुने असेल तर दाब चढेपर्यंत सैल चेन गाईडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटते. ऑइल-फिल्टर बदलूनही आवाज राहिला तरच चेनचे कव्हर उघडा. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला दिसला, तर चेन लांबली समजा. मग गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेटसकट (चेनच्या दातेरी चाकांसकट) सगळेच बदला. झिजलेले दाते नवी चेनही लवकर खातात. चेन बसवताना टायमिंगच्या खुणा जुळवून, टेन्शनर दाबून धरणारी पिन काढल्यावर क्रँक पान्याने, इंजिन फिरते त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकली तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत असतील.