एमक्यू-२ या गॅस सेन्सरचं रीडिंग स्थिर का राहत नाही? (ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला जोडलेला, हवा स्वच्छ असूनही आकडा सरकतो)

बहुतेक वेळा दोष हीटरच्या पुरवठ्यात असतो. हा हीटर म्हणजे सेन्सरच्या आतली तापणारी तार; ती ५ व्होल्टवर साधारण १५० मिलीअँपिअर खेचते. ३.३ व्होल्टच्या पिनवरून चालवला तर तो नीट तापतच नाही. वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र दोघांचा एकच ठेवा.

नवा सेन्सर आधी सलग २४ तास चालू ठेवा, कॅलिब्रेशन (स्वच्छ हवेतला आधार-आकडा ठरवणं) त्यानंतरच. पुढेही दर वेळी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा उतरत जातो. ते रीडिंग धरू नका.

सेन्सरची एओ (अॅनालॉग आउटपुट) पिन ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, ईएसपी३२ ला ते सोसत नाही. एओ आणि ईएसपी३२ च्या इनपुटमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, इनपुट ते ग्राउंड १५ किलोओहमचा लावा. कमाल ३ व्होल्ट मिळतील. वायफाय चालू असेल तर जीपीआयओ ३२ ते ३९ मधलीच पिन घ्या, कारण त्या एडीसी१ च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या पहिल्या भागाच्या) आहेत; दुसरा भाग, एडीसी२, वायफायच वापरतं.

तापमान आणि आर्द्रतेनेही आकडा हलतो. सिलिकॉन सीलंटची वाफ तर सेन्सर कायमचा बिघडवते, म्हणून डबी त्याने बंद करू नका.

आणि कृपया, जिवाच्या सुरक्षेसाठी यावर विसंबू नका; तिथे प्रमाणित गॅस अलार्मच हवा.