रिचमंडच्या (व्हर्जिनिया) सिटी बसचं तिकीट कुठे काढायचं, आणि गाडीशिवाय भागेल का?

तिकीट काढायचंच नाही, इथली सिटी बस चालवणाऱ्या जीआरटीसीची बस फुकट आहे. आणि घर ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास घेतलंत तर गाडीवाचून भागतं. पूर्वी दीड डॉलर पडायचा. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे, ड्रायव्हर आणि प्रवाशांचा संपर्क टाळायला भाडं बंद केलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. पुढे शहर, व्हीसीयू विद्यापीठ आणि राज्याच्या अनुदानातून हा खर्च निघत गेला. मी इथे रोज बसनेच जातो-येतो. पास, ॲप, सुट्टे पैसे काही लागत नाही. चढा आणि बसा. भरवशाची म्हणाल तर 'पल्स'. 2018 साली सुरू झालेली ही बीआरटी (जलद बससेवा) विलो लॉनपासून ब्रॉड स्ट्रीटने डाउनटाउनमार्गे रॉकेट्स लँडिंगपर्यंत जाते. बऱ्याच भागात तिला स्वतंत्र लेन आहे आणि फलाट बसच्या पायरीइतका उंच, त्यामुळे सामानाची बॅग उचलावी लागत नाही, नुसती ओढत आत न्यायची.

अडचण उपनगरांची. आपले बरेच आयटीवाले राहतात त्या शॉर्ट पंपला विलो लॉनहून 19 नंबर जाते खरी, पण ती पल्सइतकी वारंवार नसते, आणि स्टॉपपासून सोसायटीपर्यंतची पायपीट वेगळी, तीही काही ठिकाणी फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून. तिकडे घर घेणार असाल तर लीजवर सही करण्याआधी ऑफिसच्या वेळेला एकदा बसने जाऊन बघा.