गरोदरपणातली शुगर असताना बाळंतपणाआधी चीक काढून ठेवावा का? कोणी केलंय का?

तुम्हाला छत्तिसावा आठवडा लागतोय, शुगर आहे, आणि डॉक्टरांनी चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, काढून ठेवायला सुचवल्यापासून घरचे नको म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मी देवगडकडची. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात माझं बाळंतपण झालं.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, आत्ताच काढलंस तर बाळाक काय उरतला?" त्यांनी जन्मभर गुरं सांभाळलेली, गाभण गाय पिळायची नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं. पण बाईचा चीक गरोदरपणाच्या मध्यावरच तयार व्हायला लागतो आणि काढला तरी पुन्हा बनतो. वार पडल्यानंतर दोन-चार दिवसांनी जे भरपूर दूध उतरतं, ते यामुळे कमी होत नाही. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून हे सांगितलं, तेव्हा कुठे त्या निवळल्या.

शुगरवाल्या आईचं बाळ पोटात असताना जास्त साखर मिळते म्हणून जास्त इन्सुलिन बनवतं. नाळ कापली की साखर बंद, इन्सुलिन मात्र अंगात असतं, म्हणून पहिल्या काही तासांत त्याची साखर घसरू शकते. त्यात शुगर असली की आईचं दूधही कधी उशिरा उतरतं. हाताशी चीक असावा तो यासाठी.

घाबरू नका, पण आधी विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या ६३५ गरोदर बायकांवर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३६ आठवड्यांनंतर दिवसातून दोनदा हाताने चीक काढल्याने बाळांना अतिदक्षता विभागात ठेवायची वेळ जास्त आली नाही. मात्र त्या बायकांना मधुमेहाखेरीज दुसरी गुंतागुंत नव्हती. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल, रक्त जात असेल, जुळं असेल किंवा आधी कमी दिवसांची बाळंत झाला असाल, तर स्वतःहून हात लावू नका. स्तनाग्राला चेतना मिळाली की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पिशवी आवळते. काढताना पोट कडक होऊ लागलं तर तिथेच थांबायचं.

आता माझं. काढायला लागल्यावर पहिले तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी आंघोळीनंतर एक थेंब दिसला, मोहरीएवढा, हापूसच्या रसासारखा पिवळा. मी तो स्टीलच्या चमच्यात धरून बघतच राहिले. अंगठा आणि बोट स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेवायचं, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, मग सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत. मी घासत होते म्हणून दुखत होतं, नर्सताईंनी हात धरून दाखवलं तेव्हा जमलं. आठवडाभराने दिवसाला दीड-दोन मिली मिळू लागला. चमच्यातून सुईविना सिरिंजमध्ये ओढायचा, टोपण लावायचं, तारीख आणि वेळ लिहायची.

आमच्या फ्रीझरमध्ये बांगडे असायचे, म्हणून सिरिंजा झाकणाच्या वेगळ्या डब्यात. खरी धास्ती विजेची. एकदा वाऱ्यात झाड पडून रात्रभर लाईट गेली. मी फ्रीझर उघडू दिला नाही, सकाळी चीक गोठलेलाच होता. पूर्ण वितळला असता तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरावा लागतो, पुन्हा गोठवता येत नाही. कणकवलीला दवाखान्यात जाताना मासेवाल्याकडचा बर्फ थर्माकोलच्या पेटीत भरून नेला.

लेकीची साखर दुसऱ्या तासाला कमी आली. आधी छातीला लावली, मग माझ्या नवऱ्याने गालाच्या आतून थेंबथेंब दोन मिली चीक दिला. पुढच्या तपासणीत साखर ठीक आली. तेवढ्यानेच आली असं मी म्हणणार नाही, ती छातीलाही ओढत होती. पण मला हाताने काढता येत होतं, हा आधार साठवलेल्या सिरिंजांपेक्षा मोठा वाटला. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली तेव्हाही तोच हात उपयोगी पडला.

माझ्या जावेला आधी एक थेंबही आला नव्हता आणि पुढे तिने दीड वर्ष पाजलं. तेव्हा काही आलं नाही तर दूधच नाही असं मनात आणू नका. आणि घरचे मध किंवा गूळपाणी चाटवायला निघाले तर तुमचा चीक पुढे करा, मध तर वर्षाच्या आत नकोच. दवाखान्यात गोठवलेला चीक ठेवायला फ्रीज देतात का, हे आधीच विचारून ठेवा. मी नव्हतं विचारलं, आणि ऐन वेळी नवरा रात्री अकराला बर्फ शोधत फिरत होता.